गोष्टीसाठी १९४८ चं परभणी शोधताना

इअरफोन लावलेत ना? आजच्या भागात राजा नाही, तह नाही, किल्ला नाही. आज माझ्या एका फसलेल्या गोष्टीची गोष्ट आहे. गोष्ट लिहिताना मी आपल्याच गावाचा इतिहास किती चुकीचा धरून चालले होते, ते सांगणार आहे. तुमच्यापैकी बरेच जण मेसेज करून विचारता की जुन्या काळातली कथा लिहायची तर माहिती कुठून काढायची? त्याचं उत्तर म्हणून हा भाग ऐका, किंवा वाचा.

तर झालं असं. एका कथास्पर्धेसाठी मी गोष्ट लिहायला घेतली. गाव परभणी, काळ सप्टेंबर १९४८. म्हणजे हैदराबाद संस्थान भारतात आलं तो महिना. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी परभणी स्टेशनवर येते, खिडकीत एक रुपया ठेवते, औरंगाबादचं तिकीट मागते. फलाटावर पेपर विकत घेते. तारीख १७ सप्टेंबर, पहिल्याच पानावर बातमी: मराठवाडा मुक्त! मग ती धुळीच्या रस्त्यानं नाचत घरी येते. वाटेत कृषी विद्यापीठाची झाडी लागते. चौकात कलेक्टरसाहेब झेंडा फडकवतात. समाप्त.

लिहून झाल्यावर मी भलती खूश. फोनवरून आमच्या आत्याआजीला वाचून दाखवली. आत्याआजी म्हणजे माझ्या आजोबांची थोरली बहीण. त्या साली ती परभणीतच होती आणि माझ्या गोष्टीतल्या मुलीएवढीच होती. पहिलं वाक्य झालं, दुसरं सुरू केलं, आणि तिनं थांबवलं.

"कोणचा रुपया गं?"

"म्हणजे? एक रुपया."

"अगं पण हाली का कलदार?"

मला प्रश्नच कळला नाही. आणि मंडळी, तिथून माझी गोष्ट सुटत गेली. स्वेटरचा एक धागा ओढावा आणि अख्खी बाही उसवावी तशी.

आधी रुपयाचं बघू. निजामाच्या हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं चलन होतं. त्याला उस्मानिया सिक्का किंवा हाली सिक्का म्हणायचे. चांदीच्या रुपयावर चारमिनार. शेजारच्या इंग्रजी मुलखातला रुपया वेगळा, त्याला आपल्याकडे 'कलदार' म्हणायचे. दोन्हींची किंमत सारखी नव्हती. साधारण ७ हाली रुपये दिले की ६ कलदार मिळायचे. म्हणजे परभणीहून पुण्याला शिकायला निघालेल्या पोराकडं १४ रुपये असतील, तर हद्द ओलांडल्यावर त्याच्याकडं १२ उरले. काहीही खर्च न करता! आणि हद्दीवर करोडगिरीचा नाका, म्हणजे संस्थानाची जकात. सामान उघडून बघणार.

आपण 'निजामाचं राज्य' असं पटकन म्हणून जातो, पण ते केवढं वेगळं होतं हे मला या एका रुपयानं सांगितलं. चलन वेगळं, टपालाची तिकिटं वेगळी, रेल्वे वेगळी. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादकडं जाणारा आपला लोहमार्ग विसाव्या शतकाच्या तोंडाशी सुरू झाला, तो मीटरगेज. मुंबईला जायचं तर मनमाडला उतरून मोठ्या रुळांच्या गाडीत बसायचं. हे रूळ रुंद व्हायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. माझ्या गोष्टीत मी आत्ताचंच स्टेशन उचलून ठेवलं होतं. फक्त रंग काळा-पांढरा केला होता, एवढंच.

दुसरा धागा तारखेचा. आत्याआजी म्हणाली, "घरातल्या कागदावर आशा तारखा नसायच्या. आजूर, दय, बहमन असं काहीबाही असायचं. तुझ्या पणजोबाच्या बस्त्यात बघ."

बघितलं. आमच्याकडं जमिनीच्या जुन्या कागदांचा एक बस्ता आहे. लाल कापडात बांधलेला, कुणी न सोडलेला. त्यावर तारखा खरंच फसली सनाच्या. ही सरकारी कालगणना. वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुरू व्हायचं. महिने आजूर, दय, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दीबहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर आणि आबान. तुमच्या घरी असे कागद असतील तर हिशोब सोपा आहे. फसली सनात ५९० मिळवा. महिना जानेवारी ते सप्टेंबरमधला असेल तर ५९१ मिळवा. म्हणजे १३५७ फसली हे ऑक्टोबर १९४७ ते सप्टेंबर १९४८. माझ्या गोष्टीतला दिवस सरकारी दप्तरात १३५७ च्या आबान महिन्यात पडतो.

आणि घरात? घरात तो भाद्रपद. गौरी-गणपतीचे दिवस. मराठवाड्यात महालक्ष्म्या म्हणजे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. म्हणजे माझी मुलगी शाळेच्या वहीत एक तारीख लिहिणार, वडील कचेरीच्या अर्जावर दुसरी, आणि आई तिसरीच मोजणार. एका घरात तीन कालनिर्णय! मला हे इतकं आवडलं की गोष्टीत ती ओळ लगेच टाकली.

भाद्रपद म्हटल्यावर अजून एक गोष्ट डोक्यात आली आणि मी कपाळावर हात मारला. धुळीचा रस्ता! सप्टेंबरात, परभणीच्या काळ्या मातीत, धूळ? चपलेला दोन-दोन किलो चिखल लागत असेल. 'जुना काळ' म्हटलं की आपल्या डोक्यात धूळच उडते, सिनेमामुळं असेल.

आता भाषा. संस्थानात सरकारी कारभार उर्दूत चालायचा. कोर्ट उर्दूत, कचेरी उर्दूत. १९१८ साली सुरू झालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. लहानपणी मराठीतून शिकलेल्या पोराला वर जायचं तर उर्दू शिकल्याशिवाय इलाज नसे. माझे 'कलेक्टरसाहेब' तर गेलेच, कारण जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याला अव्वल तालुकदार म्हणायचे. फौजदाराला अमीन. आणि जाहीर सभा घ्यायची तर सरकारची परवानगी काढावी लागे. तो हुकूम 'गश्ती निशाण ५३' या नावानं ओळखला जायचा. जुन्या लोकांच्या तोंडी हा आकडा अजून असतो.

इथं मला एका माणसाची फार मदत झाली. तो माणूस १९५३ सालीच गेला. बी. रघुनाथ. परभणीत त्यांच्या नावाचं सभागृह आहे. आपण तिथं नाटकाला जातो, बक्षीस समारंभाला जातो, आणि बाहेर सेल्फी काढतो. मीही त्यातलीच. भगवान रघुनाथ कुलकर्णी, जन्म १९१३, सातोन्याचा. शिक्षण हैदराबादला, आणि मग नोकरी परभणीत, निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात. दिवसभर सरकारी टेबल, आणि त्यातून उरलेल्या वेळात कविता, कथा, कादंबऱ्या. 'साकी', 'छागल', 'आडगावचे चौधरी' ही पुस्तकांची नावं तुम्ही ऐकली असतील. वयाच्या चाळिशीत, ७ सप्टेंबर १९५३ ला ते गेले.

मी त्यांना 'साहित्यिक' म्हणून वाचायला बसले नाही. माझा स्वार्थ होता. मला बघायचं होतं की त्या काळातली मराठवाड्यातली माणसं बोलायची कशी. आणि तिथं जी मराठी भेटते ती उर्दूच्या शेजारात वाढलेली मराठी आहे. माझ्या गोष्टीतला बाप मात्र शुद्ध पुणेरी बोलत होता! म्हणजे पाठ्यपुस्तकातला. त्याला 'अर्ज', 'मंजुरी', 'दप्तर', 'इलाखा' हे शब्द परके वाटायलाच नको होते, ते त्याच्या रोजच्या भाकरीचे शब्द होते.

पण एक सावधगिरी. कथा-कादंबरी म्हणजे नकाशा नाही. लेखक सोयीनं घर हलवतो, नदी जवळ आणतो, चार गावांचं एक गाव करतो. त्यामुळं माझा नियम असा ठरला: माणसं कशी बोलतात, कशाला घाबरतात, कशावर खर्च करतात हे साहित्यातून घ्यायचं. रस्ता कुठून कुठं जातो, काय कधी बांधलं हे गॅझेटिअरमधून आणि सरकारी नोंदीतून. आणि घरातली गोष्ट घरातल्या माणसाकडून. तिन्हींचं भांडण लागलं तर घाई न करता थांबायचं.

गॅझेटिअर म्हणजे जिल्ह्याचा जाडजूड माहितीग्रंथ. परभणीचं महाराष्ट्र शासनाचं गॅझेटिअर १९६७ चं आहे. त्याच्याही आधी इंग्रजांच्या काळातल्या इम्पीरियल गॅझेटिअरमध्ये हैदराबाद संस्थानाचा भाग आहे. फोनवरही वाचता येतात. रटाळ असतात, खरं सांगते. पण पिकं, बाजार, रस्ते, शाळा, सगळं एका ठिकाणी.

सरकारी नोंदी बघताना माझी आणखी काही वाक्यं पडली. कृषी विद्यापीठ? ते परभणीत झालं १८ मे १९७२ ला. माझी मुलगी चोवीस वर्षं आधीच त्याच्या झाडीतून नाचत चालली होती. जिल्ह्याची हद्दसुद्धा आत्ताची नव्हती. हिंगोली, वसमत, कळमनुरी हे सगळं तेव्हा परभणी जिल्ह्यात. हिंगोली वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ ला. परतूर आज जालन्यात आहे, तेव्हा आपल्याकडं होतं. त्याच परतूरला १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. संस्थानातल्या मराठी माणसांची ही पहिली मोठी राजकीय संघटना. 'महाराष्ट्र' राज्य तर अजून बारा वर्षं लांब होतं. मराठवाडा १९५६ ला मुंबई राज्यात गेला आणि १९६० ला महाराष्ट्र झाला. म्हणून माझ्या मुलीच्या तोंडी "आपला महाराष्ट्र" हे वाक्य फार जपून घालायला हवं होतं.

इथपर्यंत सगळं गमतीत चाललं होतं. चूक सापडली की मी हसायचे, खोडायचे, नवं लिहायचे. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' म्हणतात ना, तसं चाललं होतं. मग आम्ही १७ सप्टेंबरवर आलो.

तारखा आधी नीट सांगते. भारतीय फौजा १३ सप्टेंबर १९४८ ला संस्थानात शिरल्या. त्याला सरकारनं पोलीस ॲक्शन म्हटलं. १७ तारखेला संध्याकाळी निजामानं रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली. १८ ला हैदराबादच्या फौजेचे प्रमुख एल एद्रूस यांनी जनरल चौधरींपुढं शरणागती पत्करली. म्हणजे १७ च्या पेपरात ती बातमी असणं शक्यच नाही. आणि त्या पाच दिवसांत, फौजा औरंगाबाद-जालन्याच्या बाजूनंही आत येत असताना, माझी मुलगी एकटी औरंगाबादचं तिकीट काढत होती! गेलं. स्टेशन, तिकीट, पेपर, सगळं खोडलं.

मी आत्याआजीला विचारलं, "मग तू त्या दिवशी काय करत होतीस?"

"काय करणार? दार लावून बसलो होतो. माळवदावर जायची बंदी होती."

"आनंद नाही झाला?"

ती जरा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "झाला की. भीती गेली ना. वरीसभर लई भीती होती बाई. रझाकार आले म्हणलं की माय आम्हाला पोत्याच्या थप्पीमागं बसवायची."

ही भीती खोटी नव्हती. लातूरचा वकील कासिम रझवी याच्या रझाकार संघटनेनं गावोगाव लुटालूट केली, माणसं मारली, घरं जाळली. कितीतरी कुटुंबं हद्द ओलांडून वऱ्हाडात गेली. उमरखेडसारख्या ठिकाणी स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प होते. १५ ऑगस्ट १९४७ ला सगळा देश झेंडे लावत होता, त्याच दिवशी इकडं स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. आपल्याकडं १७ सप्टेंबरला झेंडावंदन का होतं, याचं उत्तर या तेरा महिन्यांत आहे. ते कुणी पुसू नये, आणि मीही पुसत नाही.

पण आत्याआजी पुढं बोलत राहिली. म्हणाली, "महालक्ष्म्यांच्या आधी मनेरीण आली होती. बांगड्या भरायला. दर सणाला यायची. मला हिरव्या भरल्या. मायकडं सुटे नव्हते, तर म्हणली राहू दे बाई, पुढच्या खेपेला दे. दोन आणे."

"मग?"

"मग ती आलीच नाही. दसऱ्याला नाही, दिवाळीला नाही. मी मायला विचारलं, तर माय म्हणली, गप."

एवढंच. फोनवर नुसता पंख्याचा आवाज येत होता.

मंडळी, शाळेत आपल्याला इतिहास १७ सप्टेंबरपर्यंत शिकवतात. तिथं धडा संपतो. त्यानंतरच्या आठवड्यांत काय झालं ते मी पहिल्यांदा त्या रात्री वाचलं. संस्थानात अनेक ठिकाणी मुसलमानांवर सूड उगवला गेला. ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता अशा माणसांवरही. नेहरूंच्या सरकारनंच पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक समिती पाठवली. तिनं १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरून अहवाल दिला. पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर मिळून २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, असा तिचा अंदाज होता. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि आपल्या शेजारचं नांदेड ही नावं होती. तो अहवाल कितीतरी वर्षं दाबून राहिला. दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो लोकांना बघायला मिळाला २०१३ साली.

त्याच अहवालात एक गोष्ट अशीही आहे की काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्याच धंद्यातल्या मुसलमान विणकरांना वाचवलं, आणि त्यासाठी स्वतः जबर किंमत मोजली, काहींनी जीवही दिला. मला वाटलं, बघा, एका मागावरची, एका बाजारातली ओळख. सण तेच, उधारी तीच. म्हणजे शहर म्हणतो ते हेच की. नुसत्या इमारती नाहीत. कोण कुणाच्या दारी येतं, कुणाचे किती राहिलेत, हे.

आता माझ्यापुढं खरा प्रश्न होता. स्पर्धेसाठी 'मुक्तिसंग्राम' विषय. टाळ्यांची गोष्ट माझ्याकडं तयार होती, फक्त दुरुस्त्या करायच्या होत्या. मनेरणीला गोष्टीत घेतलं तर लोक म्हणतील, हिला मुक्ती नको होती का? नाही घेतलं तर माझी गोष्ट तारखांनी बरोबर, चलनानं बरोबर, चिखलानंसुद्धा बरोबर, आणि तरी खोटी. दोन दिवस मी फाइल उघडलीच नाही.

शेवटी आत्याआजीलाच विचारलं, "हे लिहू का?"

ती म्हणाली, "माझं नाव नको टाकू. तिचं नाव मला आठवत नाही, न्हाईतर तिचं टाक म्हणले असते."

मग गोष्ट नव्यानं लिहिली. स्टेशन नाही, झेंडा नाही. एक माळवदाचं घर. दार आतून लावलेलं. मुलगी पोत्याच्या थप्पीमागून बाहेर येते, कारण आता भीती गेलेली आहे. बाहेर कुणीतरी जयजयकार करतं आणि ती खरंच खूश होते. हे मी ठेवलं, कारण ते खरं होतं. मग तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या वाजतात आणि तिला दोन आणे आठवतात. हाली. ती ते आईकडून मागून घेते आणि कोनाड्यात ठेवते, पुढच्या खेपेसाठी. गोष्ट तिथं संपते. काय झालं ते मी लिहिलं नाही. मुलीलाही कुणी सांगितलं नव्हतं.

स्पर्धेत नंबर आला का? नाही आला. परीक्षकांचं म्हणणं होतं की शेवट अपुरा वाटतो. असेल. आत्याआजीला वाचून दाखवली तेव्हा ती शेवटपर्यंत मधे बोलली नाही. संपल्यावर म्हणाली, "कोनाड्यात नव्हते ठेवले. डब्यात ठेवले होते. हळदीच्या." मी ते दुरुस्त केलंय.

तर मंडळी, तुम्हाला जुन्या काळातली गोष्ट लिहायची असेल तर फोनवर 'इतिहास' शोधायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. "त्या काळी कसं होतं?" असं मोठं विचारू नका. त्याला "लई स्वस्ताई होती" हेच उत्तर येतं. लहान विचारा. पैसे कोणते होते? बांगड्या कुणाकडून भरायचात? दळण कुठं? दिवा कशावर चालायचा? दारावर कोण कोण यायचं, आणि त्यातलं कोण यायचं बंद झालं? रेकॉर्ड करायच्या आधी परवानगी घ्या, आणि ते गप्प बसले तर तुम्हीही गप्प बसा. मग गॅझेटिअर उघडा, बस्ता सोडा, तारखा जुळवा.

आणि घरात चारमिनारचा शिक्का असलेला रुपया सापडला तर त्याचा फोटो आणि तो कुणाकडून आला हे दोन्ही आम्हाला पाठवा. नुसता फोटो नको.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.